तालवादक आणि ध्वनिमुद्रिकेचे कर्तृत्व

१

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले आणि सावंतवाडी ह्या टापूत कार्तिक उजाडला की गावोगावच्या जत्रांना प्रारंभ होतो आणि देवळापुढच्या मोकळ्या जागेत रात्रभर दशावतारी खेळ उभा राहतो. ह्या खेळाची विधिनाट्य म्हणून, लोकरंगभूमी म्हणून आणि पौराणिक आख्यानांचे लोकरूप म्हणून पुष्कळ चर्चा झालेली आहे. त्यातील वाद्यसंगतीचा विचार मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो. पायपेटी, मृदंग आणि झांज अशी तीन वाद्ये असतात, एवढे सांगून अभ्यासक नटांकडे वळतो. वस्तुतः ह्या तिघांतील मृदंगवाला हा खेळाचा अर्धा सूत्रधार होय. आख्यानाची संहिता लिहिलेली नसते; संवाद नटांनी ऐन वेळी रचावयाचे असतात. राजा प्रवेशला, बाकड्यावर बसला, उठला, शत्रूला आव्हान देऊन युद्धनृत्याला लागला. ह्यांपैकी कोणत्या क्षणी काय घडणार हे मृदंगवाल्याला आधी ठाऊक नसते. नटाचे पाऊल हीच त्याची संहिता आणि नटाचा श्वास हेच त्याचे विरामचिन्ह. त्याचे हात जितके वाजवीत असतात, त्याहून त्याचे कान अधिक काम करीत असतात.

हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता ह्या मृदंगवाल्यापासून फार दूरचा आहे. गेल्या अर्धशतकात संगीताच्या जगात एक नवा कर्ता उदयास आला. हा कर्ता मूळचा तालवादक. पण त्याने संगतीची बैठक सोडून ध्वनिमुद्रिकेच्या निर्मात्याची बैठक घेतली, आणि पुष्कळदा ती आपल्याच घराच्या एका खोलीत मांडली. ‘निर्माता’ हा शब्द येथे चित्रपटव्यवसायातील अर्थाने, म्हणजे भांडवल पुरवणारा ह्या अर्थाने, घ्यावयाचा नाही. कोणता ध्वनी ठेवावयाचा, कोणता गाळावयाचा, कोण कानाजवळ आणि कोण दूर, कोणत्या ध्वनीला किती अवकाश द्यावयाचा, ह्या सर्व गोष्टींचा अंतिम निर्णय करणारा तो निर्माता. ग्रंथाच्या बाबतीत लेखक, संपादक आणि मुद्रक ह्यांची कामे एकाच माणसाने करावीत, तसे हे काम आहे. ऐकून वाजवणारा माणूस जेव्हा सर्वांना वाजवावयास लावणारा माणूस होतो, तेव्हा त्याच्या ऐकण्याचे काय होते, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. तो केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. तो रसास्वादाचा आहे, आणि शेवटी पाहू त्याप्रमाणे कोकणातल्या भजनाच्या आणि दशावताराच्या भवितव्याशीही त्याचा संबंध पोहोचतो.

२

तालवादकाच्या हाती हे कर्तृत्व कसे आले, ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यास झाली. त्या काळचे ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, आणि तबलजीने दूर बसावयाचे, कारण त्याची थाप मेणावरच्या सुईला सोसत नसे. खर्जाचे नाद तर त्या यंत्राला नीट धरताच येत नसत. म्हणून जुन्या तबकड्यांवर गायकाचा आवाज स्पष्ट, पेटी-सारंगी अंधुक, आणि तबला म्हणजे भिंतीपलीकडून येणारी टकटक, असा अनुभव येतो. अमेरिकेतील आरंभीच्या जॅझच्या ध्वनिमुद्रणांतही हेच झाले. मोठा ढोल खोलीबाहेर ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागे. तालवादक ध्वनिमुद्रिकेच्या इतिहासात प्रवेशला तो असा उपेक्षित म्हणून.

१९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आले आणि खर्जाला वाव मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली. लेस पॉल ह्या अमेरिकन गिटारवादकाने आपल्या घरच्या मोटारखान्यात एकावर एक ध्वनी चढविण्याचे प्रयोग केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘लव्हर’ ह्या ध्वनिमुद्रिकेत सर्व गिटारी त्याने एकट्याने वाजविल्या आहेत. १९६२ साली जगभर गाजलेली ‘टेलस्टार’ ही ध्वनिमुद्रिका जो मीक ह्याने लंडनमधील हॉलोवे रोडवरच्या राहत्या जागेत घडविली. १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार पदर मुद्रित करणारे छोटे यंत्र बाजारात आले, १९८० मध्ये रोलंड कंपनीचे ‘८०८’ हे तालयंत्र आले, आणि १९९१ नंतर संगणकाच्या पडद्यावर ध्वनीची कापणी आणि जोडणी सुरू झाली. ध्वनिमुद्रणगृह ही कारखान्यासारखी संस्था होती, ती आता माजघरातल्या एका टेबलावर मावू लागली.

ह्या स्थित्यंतरात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. अनेक पदरांचे ध्वनिमुद्रण करावयाचे, आणि वादक निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या गावी वाजविणार, तर सर्वांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कालमान. म्हणून सर्वांत आधी ताल मुद्रित करण्याचा प्रघात पडला, आणि त्याच्याही आधी ‘क्लिक’ म्हणतात ती निर्विकार टिकटिक. जो तालवादक कर्ण्यापासून सर्वांत दूर बसविला जात होता, तोच आता पाया झाला. पाया घालणाऱ्यालाच पुढे संपूर्ण इमारतीचा आराखडा सुचू लागावा, ह्यात नवल नाही.

३

ह्या नव्या कर्त्याचे एक आरंभीचे उदाहरण मिकी हार्ट ह्याचे देता येईल. ‘ग्रेटफुल डेड’ ह्या अमेरिकन वाद्यवृंदाचा हा तालवादक. कॅलिफोर्नियात नोव्हाटो येथील आपल्या मळ्यावरच्या कोठारात त्याने ध्वनिमुद्रणगृह उभारले. १९७६ साली तेथून ‘दिगा ऱ्हिदम बँड’ची ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यात झाकीर हुसेन ह्यांचा प्रमुख सहभाग होता आणि तिचा मूळ वृंद सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजात जमलेला होता. पुढे १९९१ साली ह्या दोघांच्या सहकार्यातून ‘प्लॅनेट ड्रम’ झाली, आणि विश्वसंगीत ह्या वर्गातील पहिले ग्रॅमी पारितोषिक तिला मिळाले. झाकीर हुसेन ह्यांनी पुढे स्वतःची ‘मोमेंट रेकॉर्ड्स’ ही संस्था चालविली. २०२४ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वादनाविषयी विपुल लिहिले गेले. परंतु आपल्या परंपरेतील एका तबलावादकाने ध्वनिमुद्रिकेच्या प्रकाशनाचे कर्तृत्व स्वतःकडे घेतले, ह्या गोष्टीचे महत्त्व त्या मानाने थोडेच ओळखले गेले.

ह्यापुढची पिढी मात्र आरंभापासूनच निर्माती आहे. लंडनमध्ये तलविन सिंग ह्या तबलावादकाने १९९७ साली ‘अनोखा’ हा संकलनसंग्रह काढला, आणि १९९८ च्या त्याच्या ‘ओके’ ह्या ध्वनिमुद्रिकेला पुढील वर्षी मर्क्युरी पारितोषिक मिळाले. अटलांटिकच्या पलीकडे ह्याच वळणाचे काम करणारे कर्ष काळे हे आपल्या दृष्टीने अधिक जवळचे, कारण ते परदेशस्थ मराठी कुटुंबातील आहेत. १९७४ साली इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच येथे त्यांचा जन्म झाला आणि ते न्यूयॉर्कच्या परिसरात वाढले. पाश्चात्त्य ड्रम आणि तबला ही दोन्ही वाद्ये त्यांच्या हाती आहेत. ‘रिअलाइझ’ ही त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका २००१ साली निघाली. ‘लिबरेशन’ २००३ मध्ये, ‘ब्रोकन इंग्लिश’ २००६ मध्ये, अनुष्का शंकर ह्यांच्यासह केलेली ‘ब्रीदिंग अंडर वॉटर’ २००७ मध्ये, आणि ‘सिनेमा’ २०११ मध्ये. २०१९ च्या ‘गली बॉय’ ह्या हिंदी चित्रपटाच्या संगीतातही त्यांचा वाटा आहे. मराठी संगीतसमीक्षेने ह्या कामाची दखल जवळजवळ घेतलेली नाही. आपल्याकडे ‘फ्यूजन’ हा एक शब्द उच्चारला की समीक्षकाचे कर्तव्य संपते, अशी समजूत आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी मुख्यतः ‘रिअलाइझ’चा विचार करावयाचा आहे, कारण तालवादकाचे निर्मातृत्व तिच्यात सर्वांत शुद्ध स्वरूपात दिसते.

४

‘रिअलाइझ’ ऐकताना पहिली लक्षात येणारी गोष्ट अशी की, तबलजीच्या ध्वनिमुद्रिकेकडून आपली जी अपेक्षा असते, ती येथे पुरी होत नाही. येथे पेशकार, कायदा, रेला, चक्रदार अशी स्वतंत्र वादनाची चढण नाही. वादक पुढे येऊन आपली तयारी दाखवीत नाही. तबल्याचा बोल कधी कानाशी येतो, कधी दूरच्या धुक्यात विरतो. डग्ग्याची घुमक कधी तबल्यापासून वेगळी काढून वेगळ्याच जागी ठेवलेली असते. वादकाचा अहंकार निर्मात्याने आवरला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. हा पहिला गुण होय, आणि तो लहान नाही. संगतकार पुढे आला की तो सर्व काही झाकून टाकील, ही भीती येथे खोटी ठरते.

दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. सतार, बासरी, मानवी कंठ ह्यांच्याकडे हा निर्माता तालवादकाच्या कानाने पाहतो. स्वरांची एखादी ओळ तो तोडतो, तिचा एकच तुकडा पुनःपुन्हा ठेवतो, आणि मग त्या तुकड्यातील रागाहून त्यातील आघात अधिक ऐकू येऊ लागतो. रागसंगीतात स्वर हा लयीवर आरूढ असतो. येथे स्वरच लयीचा एक अवयव बनतो. रागाची हानी झाली, अशी तक्रार ह्यावर होते. ती अस्थानी नाही, परंतु अपुरी आहे. येथे राग मांडण्याची प्रतिज्ञाच नाही. ज्या प्रतिज्ञेने कृती उभी राहिली, तिच्याच निकषावर प्रथम ती तपासली पाहिजे, हा समीक्षेचा साधा नियम होय.

तिसरी गोष्ट आशयाची. ह्या ध्वनिमुद्रिकेतील काही रचनांची नावे ‘डिस्टन्स’, ‘लाँगिंग’, ‘होम’ अशी आहेत: अंतर, ओढ, घर. ही नावे केवळ वर चिकटविलेली नाहीत. ध्वनी जवळ आणणे आणि दूर ठेवणे हे तर निर्मात्याच्या हातातले मुख्य साधन. परक्या भूमीत जन्मलेल्या मुलाला आपल्या घरची भाषा शेजारच्या खोलीतून ऐकू यावी, अर्धी कळावी, अर्धी निसटावी, असा जो अनुभव असतो, तो येथे शब्दांनी न सांगता ध्वनीच्या अंतरांनी सांगितलेला आहे. तबलजी असून निर्माता झाल्यामुळेच हे साधले. केवळ वादकाला हे अंतर निर्माण करता आले नसते, आणि केवळ यंत्रज्ञाला ते भासलेच नसते.

येथवर गुणांचे. आता ह्या पद्धतीची मर्यादा पाहू. ह्या रचनांचा विकास मुख्यतः पदर चढविण्याने आणि उतरविण्याने होतो. आरंभी एक लांब स्वर, मग घुमारा, मग ड्रम, मग तबला, मग कंठ. मध्ये सर्व काढून घ्यावयाचे आणि पुन्हा एकदम आणावयाचे. लय स्वतः बदलत नाही. विलंबितातून मध्य, मध्यातून द्रुत अशी जी वाढ आपल्या संगीतात अनुभवास येते, ती येथे नाही, कारण पायाची टिकटिक हलू शकत नाही. तसेच, आवर्तन आणि यंत्राने फिरविलेला तुकडा ह्यांत एक मूलगामी भेद आहे. दोन्हींत आरंभबिंदू पुनःपुन्हा येतो. परंतु आवर्तनात समेवर येणारा वादक मध्यंतरीच्या प्रवासाने बदललेला असतो. समेचे स्थान तेच, समेचा अर्थ निराळा. फिरविलेल्या तुकड्यात स्थानही तेच आणि अर्थही तोच. त्यात नवा अर्थ आणण्यासाठी बाहेरून पदर चढवावे लागतात. ‘रिअलाइझ’ समृद्ध वाटते ती ह्यामुळे, आणि काही ठिकाणी थकविते तीही ह्यामुळेच.

ह्याहूनही गंभीर गोष्ट कालाची, म्हणजे खालीची. आपल्या तालात भरीइतकेच खालीला स्थान आहे. डग्गा थांबतो, घुमक नाहीशी होते, आणि त्या पोकळीत गायकाला श्वास मिळतो. पदरांच्या पद्धतीत एका पदराने सोडलेली पोकळी दुसरा पदर भरून काढतो. निर्मात्याला रिकामी जागा अपुरेपणाची वाटते. ‘रिअलाइझ’मध्ये ध्वनी थांबण्याचे क्षण आहेत, पण ते बहुतांशी पुढच्या आघाताची पूर्वतयारी म्हणून येतात. खालीचे मूल्य ती पुढच्या भरीची तयारी आहे म्हणून नसते. ते दुसऱ्याला बोलावयास जागा देण्यात असते.

५

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे न्याय्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, स्थिर पायावर मुक्त वादन ही आपल्याकडचीच रीत आहे. स्वतंत्र तबलावादनात पेटी किंवा सारंगी लेहरा धरते. तो तासभर तोच तो फिरत राहतो, आणि त्याच्या आधारावर तबलजी स्वैर संचार करतो. मग टिकटिकीनेच असे काय बिघडविले? आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्यातच दडलेले आहे. लेहरा धरणारा माणूस असतो. तबलजी एखादी अवघड तिहाई घेऊन समेवर आला की पेटीवाल्याच्या बोटांत तो आनंद किंचित उमटतो. वादन चढू लागले की लेहराही कळत न कळत पुढे सरतो. तो स्थिर असतो, पण बहिरा नसतो. टिकटिक स्थिर आहे आणि बहिरीही आहे. आणखी एक विपर्यास येथे ध्यानात घ्यावा. लेहऱ्याच्या व्यवस्थेत स्वर धरून ठेवतो आणि ताल मुक्त असतो. ध्वनिमुद्रणगृहात ताल धरून ठेवतो आणि इतर सारे त्याच्यावर मुक्त होतात. तालवादक निर्माता झाला, त्याला सर्वाधिकार मिळाला. पण ह्या व्यवस्थेत बांधलेला राहिला तो एकटाच.

दुसरा आक्षेप असा की, ध्वनिमुद्रिका ही स्वतंत्र कृती आहे, तिला मैफलीचे निकष लावणे म्हणजे कादंबरीला नाटकाचे निकष लावणे होय. हे तत्त्व मान्य आहे, आणि वर रागाच्या बाबतीत त्याचाच अवलंब केला आहे. परंतु परस्परांना ऐकणे हा मैफलीपुरता निकष नाही. कादंबरीतही पात्रे एकमेकांचे ऐकतात की लेखकाचेच बोलणे वाटून घेतात, हे आपण पाहतोच. ह्या दृष्टीने दोन तुलना उद्बोधक ठरतात. ‘टॅब्ला बीट सायन्स’ ह्या वृंदात काळे, झाकीर हुसेन आणि बिल लास्वेल हे एकत्र आले. त्यांची २००० सालची ‘ताल मॅट्रिक्स’ ध्वनिमुद्रणगृहातली, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली सॅन फ्रान्सिस्कोतील स्टर्न ग्रोव्हची ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष मैफलीची. दुसरीत सुलतान खान ह्यांची सारंगी आहे. साधने तीच, माणसे पुष्कळशी तीच; तरी दुसरीत ताल प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो, हे कोणत्याही सावध श्रोत्यास जाणवावे. तेव्हा दोष यंत्राचा नव्हे, कार्यपद्धतीच्या क्रमाचा आहे.

दुसरी तुलना त्रिलोक गुर्टू ह्यांची. शोभा गुर्टू ह्यांचे हे पुत्र. १९८८ सालच्या ‘उसफ्रेट’ ह्या ध्वनिमुद्रिकेत आईचा कंठ आणि मुलाचा ताल एकत्र येतात. तबला, ड्रम, झांजा आणि पाण्यात बुडवून वाजवावयाची वाद्ये अशी सारी सामग्री भोवती मांडून हा वादक जमिनीवर बसतो आणि एका देहाने अनेक ध्वनी काढतो. आपल्या शेजारच्या गोव्यातील लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर ह्यांची ख्याती अशी होती की, हातांनी आणि पायांनी ते एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत. अनेक पदरांचे ध्वनिमुद्रण जे काम यंत्राच्या साहाय्याने करते, ते हे लोक देहात करीत. फरक असा की, देहातील पदर एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. एका हाताचा भार दुसऱ्या हाताला कळतोच. गुर्टूंनी यंत्राला देहाच्या मागे ठेवले, काळे ह्यांनी देहाला यंत्रात नेले. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. पहिल्यात कक्षा मर्यादित पण संवाद अखंड; दुसऱ्यात कक्षा विशाल, संवाद मात्र प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागतो.

६

न्यूयॉर्क आणि हॅम्बर्गच्या ह्या चर्चेचा मालवणच्या किनाऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. भजनाची डबलबारी हा सिंधुदुर्गाचा जिवंत प्रकार. दोन बुवा, दोन मंडळे, समोरासमोर. एकाने अभंग, गवळण, गजर करून बारी सोडावयाची आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यावयाचे. गजराला पखवाज चढू लागतो तो टिकटिकीच्या हिशेबाने नव्हे. समोर बसलेल्या लोकांच्या टाळ्यांनी तो चढतो. कॅसेटच्या काळात असे संगीत दुकानाच्या फळीवर आले, आणि आज तर एक संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि भिंतीला गोधड्या लावलेली एक खोली एवढ्यावर पखवाज वाजवणारा कोणताही तरुण आपल्या घरी ध्वनिमुद्रणगृह थाटू शकतो. हे स्वागतार्ह आहे. शहरातील कंपनीने बोलावण्याची वाट त्याने का पाहावी? आपल्या बुवाचा आवाज आपल्याच हाताने, आपल्याच वाडीत मुद्रित करण्याचा अधिकार त्याला प्रथमच मिळाला आहे.

परंतु ह्या अधिकारासह यंत्राचा क्रमही त्याच्या घरात येतो. संगणक उघडताच पहिला प्रश्न विचारला जातो तो गतीचा: मिनिटाला किती मात्रा? डबलबारीतील पखवाजीला हा प्रश्न कोणी विचारला, तर तो हसेल आणि म्हणेल, बुवा काय म्हणतात ते बघू. खोलीतल्या निर्मात्याला मात्र आकडा भरावाच लागतो. तो आधी ठेका मुद्रित करतो, चुकलेल्या थापा रेषेवर ओढून घेतो, मग टाळ, मग पेटी, आणि सर्वांत शेवटी बुवा येतात आणि कानाला यंत्र लावून त्या तयार ठेक्यावर गातात. येथे संगत उलटी झाली. ज्याने ऐकावयाचे त्याने आधी वाजविले, आणि ज्याच्या मागे जावयाचे तो मागाहून आला. दशावताराच्या बाबतीत हे केले तर परिणाम अधिकच विपरीत होईल. युद्धनृत्याचा ठेका आधी बांधला, तर नटाला आपले पाऊल त्या ठेक्यात बसवावे लागेल. आणि लिखित संहितेवाचून टिकलेल्या ह्या नाट्याला एक अलिखित पण कठोर संहिता मिळेल. कोणी लादली असे म्हणता येणार नाही, कारण ती आपल्याच माणसाने आपल्याच घरात तयार केलेली असेल.

म्हणून अशा ध्वनिमुद्रणांच्या परीक्षणासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ह्या ध्वनिमुद्रिकेत ताल उत्तर देतो काय? गायकाने ओळ लांबविली तर पखवाज थांबला, असे एक तरी स्थळ तिच्यात सापडते काय? दुसरी, खाली रिकामी ठेवलेली आहे काय, की ती भरून काढलेली आहे? तिसरी, जागा ऐकू येते काय? देवळाच्या दगडी भिंतीवरून परतणारी थाप, मंडपातील माणसांची चाहूल, ह्यांना दोष समजून पुसून टाकले, तर उरतो तो कोठलाही नसलेला पखवाज. मिकी हार्टच्या कोठाराचा किंवा जो मीकच्या घराचा इतिहास हेच सांगतो की, घरच्या ध्वनिमुद्रणाचे खरे सामर्थ्य मोठ्या कंपनीची नक्कल करण्यात नसून त्या विशिष्ट घराचा आवाज ध्वनिमुद्रिकेत येण्यात आहे.

ह्या कसोट्या लावल्या असता ‘रिअलाइझ’ तिसरीला पूर्ण उतरते, कारण तिच्यातील ‘जागा’ ही देशांतराची जागा आहे आणि ती स्पष्ट ऐकू येते. दुसरीला ती अंशतः उतरते. पहिलीला पुष्कळ ठिकाणी उतरत नाही. हा निर्णय तिची प्रतिष्ठा कमी करणारा नाही. आपल्या परंपरेतील तालवादक ध्वनिमुद्रिकेचा कर्ता होऊ शकतो, हे सिद्ध करणाऱ्या मोजक्या कृतींत तिचे स्थान आहे. पण तिच्यापासून जे शिकावयाचे ते दुहेरी आहे, आणि शिकणाऱ्याने गुणच काय तो घ्यावा, ही अपेक्षा आपल्या विभागातील लोककला-संग्रहणाच्या कामालाही लागू आहे. संशोधनासाठी मृदंगाचे बोल स्वच्छ मिळावेत म्हणून मृदंगवाल्याला एकट्याला बसवून वाजवून घेण्याची पद्धत सोयीची खरी. परंतु त्यात मृदंगाचे बोल मिळतात, मृदंगवाला मिळत नाही. त्याच्यापुढे नट उभा केलाच पाहिजे.

तालवादक निर्माता झाला ह्याचे दुःख करण्याचे कारण नाही. शतकभर कर्ण्यापासून दूर बसविलेल्या माणसाला अखेर स्वतःची बैठक मिळाली. त्या बैठकीवर बसल्यावरही त्याने ऐकणे सोडू नये, एवढेच त्याच्याकडे मागणे आहे. कारण जत्रेच्या रात्री बाकड्यावरचा राजा उठतो तेव्हा पुढची थाप कोठे पडावयाची, हे मृदंगवाल्याला ठाऊक नसते, आणि त्या न ठाऊक असण्यातूनच ती थाप अचूक पडते.